स्क्लेप

"चेक भाषा? अगं, आपलीच पोलिश ती, फक्त सर्दी झालेली!" ग्दिन्याहून निघतानाच झेनोनने मुलीला बजावलं होतं. "दुभाष्या कशाला हवाय? मी आहे ना!"

फिगर स्केटिंगची स्पर्धा चेकियात, चार शेजाऱ्यांची. पोलंड, चेकिया, स्लोव्हाकिया, हंगेरी, सगळे एकाच बर्फावर नाचणार. अजिंक्यपद मात्र प्रत्येक देशाचं वेगळं. पोलंडकडून झेनोनची लेक यागोदा उतरणार होती आणि सकाळच्या सरावातच तिच्या स्केटच्या पात्याला खाच पडली! झेनोनने स्केट तातडीने रिंकवरच्या व्हेंदेलिन आजोबांकडे धार लावायला दिले.

यागोदाची बर्फावर उतरायची वेळ जवळ आली, तसा तो धापा टाकत आजोबांकडे पोचला.

"आजोबा, स्केट झाले?"

"केव्हाच! स्क्लेपमध्ये ठेवलेत."

झेनोनच्या तोंडचं पाणी पळालं. पोलिशमध्ये स्क्लेप म्हणजे दुकान. म्हाताऱ्याने पोरीचे स्केट चक्क विकायला काढले! चेक माणसाचं स्क्लेप म्हणजे तळघर, हे बिचाऱ्याच्या गावीही नव्हतं.

"अहो, कुठल्या स्क्लेपमध्ये?"

"कुठल्या म्हणजे? एकच तर आहे. खाली!"

रिंक टेकडीवर, बाजार खाली. झेनोन सुसाट सुटला!

एकच कसलं, बाजारात दुकानांची रांगच होती. औषधवालीने त्याला हाकललं. खाटकासमोर त्याने टेबलावर मूठ आपटली. "पोरीचे स्केट काढा! पायातले!"

"पायातलं म्हणता? डुकराचे पाय आहेत. ताजे!"

शेवटी खेळाच्या दुकानात स्केट दिसले. यागोदाचे नव्हतेच, हॉकीचे होते, तेही कुणा राक्षसाच्या मापाचे. बुडत्याला काडीचा आधार! ते गळ्यात अडकवून तो टेकडी चढला.

वर पोचतो तर यागोदा दारातच उभी! पायात स्वतःचे स्केट, गळ्यात पोलंडचं सोनं.

"बाबा, शेवटची उडी जमली! पाहिलीस ना तू?"

झेनोनने गळ्यातले हॉकीचे स्केट पाठीमागे लपवले. वर्षभर त्या उडीसाठी तो पहाटे तिच्याबरोबर उठला होता, आणि ती जमली तेव्हा स्वारी खाटकाकडे!

"कुठे होतात हो तुम्ही?" व्हेंदेलिन आजोबा कंबरेवर हात ठेवून विचारते झाले. "शेवटी मीच पोरीला स्केट आणून दिले."

झेनोनने मान खाली घातली आणि आपल्या अस्सल पोलिशमध्ये खरं काय ते सांगून टाकलं. "स्क्लेपमध्ये."

आजोबांनी कपाळावर हात मारला.

"अरे देवा! आणि मी स्क्लेपला बाहेरून कुलूप लावून आलो!"