गजभियेकाकांचे अडीच स्टार

गजभियेकाका मोबाइलवर पिक्चर पाहायलासुद्धा बूट घालून बसायचे. पँट, खोचलेला शर्ट, मोजे, बूट. समोरच्या खोलीचे पडदे ओढून घ्यायचे, पाण्याच्या तांब्याला मोबाइल टेकवायचे आणि काकूंना सांगून ठेवायचे, की कोणी आलं तर मी घरी नाही. मध्यावर पिक्चर थांबवून बाहेर यायचे, उभ्याउभ्या चहा घ्यायचे आणि काकूंशी एक शब्द न बोलता पुन्हा आत जायचे. घरात बूट कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "लुंगीवर पाहिलेल्या पिक्चरवर लिहाचा मले अधिकार नाई."

आमच्या पेपरच्या भंडारा आवृत्तीत शनिवारी त्यांचं चित्रपट परीक्षण यायचं आणि ते पान मी लावायची. जवाहरनगरच्या फॅक्टरीत नोकरी करत असल्यापासून ते लिहीत होते. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडून भंडाऱ्यात घर बांधलं, ते आमच्या ऑफिसपासून चालत येण्याजोगं. दर गुरुवारी दुपारी जिना चढून यायचे, धाप लागलेली असायची. समोरच्या खुर्चीवर बसायचे, हाताने लिहिलेले कागद टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "पाहून आलो. पाहाले नाई पायजे होतं."

हे वाक्य ते कोणत्याही पिक्चरबद्दल म्हणत. पण सगळीकडे वाखाणलेला पिक्चर असला, की ते जास्त खचून म्हणायचे. एखाद्या पिक्चरला परदेशात बक्षीस मिळाल्याची बातमी आली, की घरात कोणी आजारी पडल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा. असले पिक्चर भंडाऱ्यात लागत नाहीत. मग काकूंनी बांधून दिलेला डबा घेऊन सकाळच्या एसटीने नागपूरला जायचं, पिक्चर पाहायचा, बसस्टँडवर डबा खायचा आणि उदास होऊन परत यायचं.

त्यांचे आक्षेप इतर समीक्षकांसारखे नसत. एका गाजलेल्या ग्रामीण चित्रपटाबद्दल त्यांनी लिहिलं होतं, 'नायिका धानाचा रोवणा करताना पुढे पुढे जाते. बाया रोवणा करताना मागे मागे सरकतात. पुढे गेल्यास लावलेलं रोप पायाखाली येतं. अशा शेतात काही उगवत नाही आणि अशा चित्रपटातही.' एका विनोदी चित्रपटाबद्दल लिहिलं, 'प्रेक्षक सतत हसत होते. मी शेवटपर्यंत कारण शोधत राहिलो.' मरणाच्या प्रसंगांवर तर त्यांचा विशेष राग. पिक्चरमधली माणसं मरताना फार बोलतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांचे वडील गावी, अड्याळला वारले तेव्हा 'कंदील बारीक कर' एवढंच म्हणाले होते, असं त्यांनी मला सांगितलं होतं.

अडीचच्या वर स्टार त्यांनी कधी कोणाला दिले नाहीत. वाचक संपादकांना फोन करून तक्रार करायचे, की हा माणूस घरच्यांचा सिनेमाला जायचा मूडच घालवतो. संपादक हसायचे. काकांचं परीक्षण वाचून पिक्चरला न जाणारे बरेच होते. पण परीक्षण न वाचणारे फार थोडे.

त्यांचा एकुलता मुलगा प्रशांत. काकांनीच त्याला लहानपणापासून पिक्चरला नेलेलं. फॅक्टरीच्या बसमधून उतरले, की त्याला सायकलवर पुढे बसवून थेट टॉकीजला. परत येताना बाप-लेक रस्ताभर भांडत यायचे, की शेवट चुकला की बरोबर होता. काकू सांगायच्या, जेवणं होईस्तोवर ते भांडण चालायचं. मग बारावीनंतर प्रशांतने सांगितलं, मला पिक्चर करायचे आहेत. काका म्हणाले, "पिक्चर पाहाचे असते. कराचे नसते." तो गेलाच. मुंबईत कोणाकोणाच्या हाताखाली राबून त्याने एक लहानसा चित्रपट केला, तो इंटरनेटवर आला, आणि काकांनी त्यावर परीक्षण लिहिलं.

मी कागद वाचून म्हटलं, काका, हे नको छापू या. ते म्हणाले, काहून? पोरगा आहे म्हणून? दुसऱ्याच्या पोराले जे लिहितो तेच याले लिहिलं. ते तसंच छापून आलं. शेवटचं वाक्य होतं, 'दिग्दर्शकाला सांगण्यासारखं काही आहे असं दिसत नाही; त्याने घरी परत यावं.'

मला त्यातलं शेवटचं अर्धं वाक्य जास्त लक्षात राहिलं. प्रशांतच्या लक्षात बहुधा पहिलं अर्धं राहिलं. त्यानंतर तो वडिलांशी बोलला नाही. घरीही आला नाही. दर रविवारी काकूंना फोन यायचा. त्या स्वयंपाकघरात जाऊन बोलायच्या आणि काका बाहेर टीव्हीचा आवाज कमी करून बसायचे. काकूंनी फोन ठेवला, की पुन्हा वाढवायचे. काय म्हणाला, असं त्यांनी कधी विचारलं नाही. काकू आपणहून भाजी निवडता निवडता सांगायच्या, कोणाला उद्देशून नाही, असं.

अशी काही वर्षं गेली. मग प्रशांतच्या मोठ्या चित्रपटाला बाहेरदेशी बक्षीस मिळालं. आमच्या पेपरने पहिल्या पानावर फोटो छापला, 'भंडाऱ्याच्या सुपुत्राचा' वगैरे. लोक काकांना रस्त्यात थांबवून अभिनंदन करायचे. ते मान हलवायचे आणि म्हणायचे, "आता हा बी पाहा लागते."

काकूंना त्यांच्यासोबत एकटं जायचं नव्हतं. तू चाल बाई, यांचा काही भरवसा नाही, असं त्या मला म्हणाल्या. आम्ही तिघं सकाळच्या बसने नागपूरला गेलो. काकूंनी नवं पातळ नेसलं होतं. बसमध्ये काका खिडकीबाहेर पाहत होते. थिएटरमध्ये काकू मध्ये बसल्या, एका बाजूला मी, एका बाजूला ते.

चित्रपट सुरू झाला. एक घर, समोरच्या खोलीत बुद्धाची लहान मूर्ती, तिच्या बाजूला भिंतीवर एका माणसाचा फोटो. फोटोला हार. एक बाई मेणबत्ती लावते. मुलगा दारात बॅग घेऊन उभा आहे, वडिलांच्या मातीला पोहोचलेला नाही. असा पहिलाच सीन. काकूंनी अंधारात काकांचा हात धरलेला मला दिसला. काका हलले नाहीत.

पुढे चित्रपटभर तो मुलगा त्या घरात राहतो. दिवसभर आईशी जेमतेम दोन शब्द बोलतो. पण संध्याकाळी फोटोसमोर बसतो आणि बोलत राहतो. शहरात काय झालं, कोणी फसवलं, कोणती मुलगी सोडून गेली, काय काय जमलं नाही. फोटोतला माणूस कोणी नट होता, जाड मिशांचा. आमच्या काकांना मिशा नाहीत. आजूबाजूची माणसं रडत होती. काकूही रडत होत्या. आणि चित्रपटातल्या शेतात बाया रोवणा करताना मागे मागे सरकत होत्या.

बसस्टँडवर आम्ही डबा उघडला. काकांनी पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला.

"मले मारून टाकलं ना पोट्ट्यानं," ते म्हणाले. "पयल्याच सीनमधी."

काकू म्हणाल्या, पिक्चर आहे तो. त्यांनी मान हलवली. पिक्चरच आहे, म्हणाले, आणि डबा बंद केला.

गुरुवारी परीक्षण आलं. त्यात त्यांनी रोवण्याचं दृश्य बरोबर आहे, असं लिहिलं होतं, आणि त्यांच्याकडून एवढी स्तुती मी कधी वाचली नव्हती. आईचं काम करणारी बाई चुलीजवळ बसते तेव्हा तिचे गुडघे दुखतात हे कळतं, असंही होतं. आणि खाली, 'वडील कशाने गेले हे चित्रपटात कुठेही येत नाही. दिग्दर्शकाने ते सांगायला हवं होतं. त्यांची काही चूक झाली असेल, तर तीही.'

स्टारची जागा कोरी होती. मी फोन केला, काका, स्टार द्यायचे राहिले. ते म्हणाले, "मेलेला मानूस स्टार कसा देईन?" ते परीक्षण स्टारशिवायच छापलं.

नंतर ते आले नाहीत. शनिवारच्या पानावर मी त्यांच्या जागेत पाककृती लावली. काकू भाजीबाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, पिक्चर पाहणं सोडलं बाई त्यायनं, नुसते खुर्चीत बसून राहतात, आता तर टीव्हीही लावत नाहीत.

मग एका दुपारी जिन्यावर धाप ऐकू आली. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, केसांना तेल होतं. खुर्चीवर बसून त्यांनी पाकिटातून एक फोटो काढला आणि टेबलावर ठेवला. त्यांचाच होता, स्टुडिओत काढलेला, मागे निळा पडदा, अंगात कोट. कोट स्टुडिओवाल्याचा, खांद्यावर जरा मोठा. चेहरा नेहमीसारखाच. फोटोवाल्यानं हसा म्हटलं, पण जमलं नाही, असं ते म्हणाले.

मग त्यांनी मला विचारलं, प्रशांतचा नंबर आहे ना तुझ्यापाशी? बातमी छापली तेव्हा घेतला असशील. त्यांना माझ्या मोबाइलवरून त्याला हा फोटो पाठवायचा होता. सोबत काय लिहू, असं मी विचारलं.

त्यांनी टेबलावरचा पेपरवेट थोडा सरकवला. "लिही, पुढच्या पिक्चरले हा फोटो लाव म्हणा. त्या मिशावाल्याचा नको." मग म्हणाले, "पोट्टा फोटोशी बोलते. तं निदान माझ्याशी बोलन."

मी तसंच लिहिलं आणि पाठवलं. काका उठले नाहीत. उन्हाळा लवकर आला, अड्याळकडे पाणी आटलं, असं काहीबाही बोलत राहिले, पण नजर मोबाइलवर होती. उत्तर यायला वेळ लागला. आलं तेव्हा एकच ओळ होती. मी वाचून दाखवली. 'बाबांची तब्येत बरी आहे ना?'

काकांनी फोटो पुन्हा पाकिटात घातला, पाकीट खिशात ठेवलं. "सांग, बरा आहे म्हणा," असं म्हणून ते निघाले. मी टाइप करायला लागले. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरल्याचा आवाज आला आणि थांबला.

"अर्चना," ते तिथूनच म्हणाले, "बरा नाई म्हणून लिही. पाहाले तरी येईन तो."

मी लिहिलेलं खोडलं आणि ते लिहून पाठवलं. काका दोन पायऱ्या चढून परत आले, समोरच्या खुर्चीवर बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून माझ्या मोबाइलकडे पाहत राहिले.