चार वाजताचे डॉक्टर

सुज्ञ वाचकहो, रुग्णालयातील सेवकवर्गास कोणत्या पदनामाने संबोधावे, हा विषय मी प्रस्तुत लेखात स्वानुभवाने मांडणार आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले; परंतु चाळीस वर्षे मी पाट्या रंगवल्या. शंभरेक डॉक्टरांच्या पदव्या या हातून उतरल्या आहेत. सबब, या विषयात मजइतका जाणकार इसम वॉर्डात दुसरा नाही, अशी माझी खात्री होती.

शिडीवरून पडून पाय मोडल्याने मी खाट क्रमांक सातवर तीन आठवडे होतो. सिस्टरना मी 'परिचारिका महोदया' म्हणालो, तर त्या "काय झालं, कुठं दुखतंय?" करत धावत आल्या. व्यायाम घेणाऱ्या बाईंना 'व्यायामाचार्या' म्हटले. त्यांनी त्या दिवशी दहा वेळा जास्त पाय उचलायला लावला.

चार ते सहा ही भेटीची वेळ. इतर खाटांभोवती ही गर्दी. माझ्यापाशी एक स्टूल. पत्नीस जाऊन सहा वर्षे झाली, मुलगा दूरदेशी. पहिल्या दिवशी मी पंख्याची पाती मोजली. तीन होती. दुसऱ्या दिवशीही तीनच. तिसऱ्या दिवशी स्ट्रेचर ढकलणारे एक पन्नाशीचे गृहस्थ स्टुलावर टेकले.

"दहा मिनिटं बसतो, काका. गुडघे कुरकुरायला लागलेत."

पुढे ते रोज चारला येऊ लागले. शेजारच्या आठ नंबरच्या आजोबांच्या सूनबाईंनी विचारले, "तुमच्याकडे रोज कोण येतं हो, काका?"

"डॉक्टर," मी म्हणालो. सदरा पांढराच होता.

"काका, मी गाडी ढकलतो," गृहस्थ नंतर हळूच म्हणाले.

"आपण ढकलता म्हणून रुग्ण योग्य स्थळी पोहोचतो, डॉक्टर."

आजोबांचे ऑपरेशन एका दिवशी सायंकाळी व्हायचे होते. त्या दिवशी मी चहा नको म्हणत होतो. "घ्या हो, घोटभर चहानं काय होतंय?" असे मला सांगून गृहस्थ गेले. लगोलग सूनबाई आल्या.

"बाबा सकाळपासून उपाशी आहेत, चहा मागतायत. तुमचे डॉक्टर चहाचं काही म्हणाले का?"

"आत्ताच म्हणाले, घोटभरानं काही होत नाही."

आजोबांनी कपभर घेतला, वर दोन बिस्किटे. ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेले. मोठ्या सिस्टर कडाडल्या, "कुठल्या डॉक्टरांनी सांगितलं?" तीन डॉक्टर आणून उभे केले, सूनबाईंनी तिघांनाही नाकारले. इतक्यात गृहस्थ रिकामे स्ट्रेचर घेऊन आत आले.

"हेच ते," सूनबाई म्हणाल्या.

गृहस्थांची बदली तळमजल्यावर झाली. दुसऱ्या दिवशी चारला स्टूल रिकामे. पंख्याची पाती तीनच.

मी वॉकर घेऊन मोठ्या सिस्टरांच्या खोलीत गेलो. "त्यांचा दोष नाही, बाई. डॉक्टर मीच केलं त्यांना."

"का पण? पाट्या रंगवता ना तुम्ही? एवढं कळत नाही?"

"ज्याच्याकडे रोज डॉक्टर येतात, त्याच्याकडे कोणी येत नाही, असं कोणी म्हणत नाही."

त्या बराच वेळ पेनाला टोपण लावत राहिल्या. मग म्हणाल्या, "ते कक्षसेवक. लिहून घ्या." मी लिहून घेतले.

घरी सोडण्याच्या दिवशी चाकांची खुर्ची घेऊन तेच आले. "चला काका. वरून निरोप आला, तुम्हाला मीच न्यायचं."

"कक्षसेवक महाशय, क्षमा असावी."

"आता हे काय नवीन?"

"मग आपणास काय म्हणू?"

"नावानं हाक मारा की."

मी तोंड उघडले आणि तसाच राहिलो. त्यांचे गुडघे, मुलीची परीक्षा, गळके छप्पर, सारे ठाऊक होते. नाव मी कधी विचारलेच नव्हते. ते इतके हसले की खुर्ची भिंतीला जाऊन लागली, मग त्यांनी नाव सांगितले.

घरी येऊन पहिली पाटी त्यांच्या नावाची रंगवली. पदवी लिहिलेली नाही. ती न्यायला ते येतो म्हणाले आहेत, चार वाजता. वार विचारायचा राहिला, म्हणून मी रोज दोन कप चहा ठेवतो. दोन्ही मलाच प्यावे लागतात. घोटभरानं काही होत नाही.

इथवर सोबत बसलात, आभारी आहे.

आपला नम्र,
पाटीवाला, पूर्वीचा खाट क्रमांक सात