मुक्या ब्रेकची गाडी

आमच्या खाडीकाठच्या चढावर माझ्यासारखी गाडी हाकणारी बाई झाली नाही आणि होणारही नाही. हे मी म्हणत नाही, सगळं गाव म्हणतं. निदान मी समोर असताना तरी म्हणतं!

शाळेत मी अक्षरओळखीपुरतीच गेले. पण पहाटे टोफू करायचा, वड्या पाण्याच्या टपात सोडायच्या आणि उजाडलं की व्हॅन घेऊन वळणावळणावर उभं राहायचं, यात कधी खाडा केला नाही. व्हॅन आमच्या ह्यांनी घेतलेली. मुलगा मासातोशी तेव्हा माझ्या पोटात होता. आकाशी रंग, बटाट्यासारखं नाक, बेडकासारखे दिवे. आम्ही दोघं पहिल्यांदा फेरीला निघालो तेव्हा मी ढेकर आवरत बसले होते आणि हे उगाचच ब्रेक दाबून बघत होते. पुढे हे गेले, रंग गेला, दिव्यांची नजर अधू झाली. ब्रेक मात्र पहिल्या दिवसासारखाच किंचाळायचा, मांजरीच्या शेपटीवर पाय पडावा तसा. त्या आवाजावर बायका वाडगी घेऊन बाहेर यायच्या. मी कधी हाक मारली नाही. 'घ्या हो टोफू' करत फिरायला मी काय भीक मागते?

आता झालं काय, की गेल्या महिन्यात उतारावर गाडी थांबता थांबता थांबली नाही आणि वळणावरच्या दगडी जिझोदेवाला जाऊन टेकली. देव काही बोलला नाही, पण गावातलं कुणीतरी बोललं. चार दिवसांत मासातोशी ओसाकाहून हजर. म्हणाला, तुझ्या वयाची माणसं आपण होऊन लायसन परत करतात, आणि अशा जुन्या व्हॅन हौसेनं घेणारा एक जण माझ्या माहितीत आहे. म्हणजे मी घरात आणि माझी व्हॅन कुणाच्या तरी दिवाणखान्यात!

"दोष माझ्या पायात नाही, ब्रेकमध्ये आहे," मी म्हटलं. "तो बदल, मग बोल."

शेवटी ठरलं असं. नवे ब्रेक बसवायचे, मासातोशीनं शेजारी बसून एक फेरी बघायची. नीट झाली तर लायसनचं नाव काढायचं नाही. नाही झाली तर किल्ली त्याची.

गॅरेजवाल्या ओनुमानं पुढच्या चाकांचे जुने ड्रम काढून भंगारात दिले आणि तिथे नव्या डिस्क बसवल्या. शिवाय पेडलला जोर देणारा एक डबा लावला. जाताना म्हणाला, काकू, आता नुसता पाय टेकवायचा. मी म्हटलं, तुझ्या बापाला गाडी मागे घ्यायला मी शिकवलंय.

पहिलं वळण आलं. मी सवयीनं सीटवरून अर्धी उठले आणि सगळा भार पेडलवर टाकला.

गाडी जागच्या जागी थांबली. टोफू थांबला नाही! टपातली लाट सीटवरून पुढे आली आणि मासातोशीच्या ओसाकाच्या कोटात शिरली. एक वडी त्याच्या डोक्यावर बसली, ती मात्र अख्खी. माझ्या टोफूचा घट्टपणा बघा! त्यानं ती उतरवली, तोंड पुसलं आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

"फेरी संपू दे," मी म्हटलं.

पण बाहेर एक वाडगं नाही. आम्ही वाट बघितली. पुढच्या वळणावरही तेच, त्याच्या पुढच्याही. गाडी आता लोण्यावरून सुरी फिरावी तशी थांबत होती आणि सगळी दारं बंद. मासातोशी म्हणाला, हाक तरी मार. मी मारणार होय! मला कळून चुकलं होतं की या भवान्या सुपरमार्केटच्या प्लॅस्टिकच्या डबीतला टोफू खायला लागल्या आहेत. एकेकीचा उद्धार करत मी फेरी पुरी केली. पोराच्या देखत माझी शोभा झाली ती झालीच.

घरी आले तर अंगणात ही गर्दी! सगळे काळ्या कपड्यांत, माझ्या दाराकडे तोंड करून, हातात उदबत्त्या. पुढे देवळातले भटजी. मी त्यांच्या पाठीशी गाडी उभी केली तरी कुणाला चाहूल नाही. काच उघडीच होती. माझी शेजारीण, साकाने नावाची, डोळे पुसत बोलत होती.

"जिभेला धार होती मेलीच्या. पण माझे मालक गेल्यापासून मी उठते ती तिच्या ब्रेकवर. किंचाळला की समजायचं, चला, आपण आजही आहोत."

मी खाली उतरले.

"कोण गेलं गं?"

सगळे वळले. साकानेनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तू," ती म्हणाली.

झालं होतं ते असं. सकाळी ब्रेक वाजला नाही. कामाच्या दिवशी मासातोशीची ओसाकाची गाडी माझ्या दारात आणि दाराला कुलूप. एकीनं म्हटलं, दवाखान्यात नेलं असेल. दुसरीनं म्हटलं, मग कुठली परत येते. तिसरी देवळात जाऊन आली. भटजींनी तर मला मेल्यावर द्यायचं नावसुद्धा योजून ठेवलं होतं. त्यात 'मौन' होतं. ते म्हणाले, आता ते माघारी घेतो.

साकाने मासातोशीकडे वळली. "हिची गाडी विकणार म्हणे तू? मग रोज सकाळी मला उठवायला ओसाकाहून येशील का?"

मासातोशीच्या कॉलरमधून अजून पाणी ठिबकत होतं. त्यानं ती पिळली. मग म्हणाला, "आई, पेडल हळू दाबायला शीक." किल्ली त्यानं पुन्हा मागितली नाही.

उरलेला टोफू जागेवरच संपला. काहींनी तर काळ्या रुमालात बांधून नेला. पण आवाजाचं काय? साकाने म्हणाली, हाक मार. ते जमणार नव्हतं.

दुसऱ्या सकाळी पहिल्या वळणावर मी अंडं ठेवावं तसा पाय टेकवला, खिडकीतून मान बाहेर काढली आणि किंचाळले. वाडगी धावत बाहेर आली. ही हाक नव्हे, एवढं लक्षात ठेवा, हा ब्रेकचा आवाज आहे. ओनुमा म्हणतो, हुबेहूब.

मासातोशी त्याच दिवशी परत गेला. निघताना म्हणाला, जुना ब्रेक एवढा कर्कश नव्हता.