चाकांसकट

सबनीसांच्या दारात कोणी बॅग घेऊन उभं राहिलं की ते आधी बॅगेकडे बघतात, मग माणसाकडे. "भरलेली आहे का?" हा पहिला प्रश्न. रिकामी असेल तर दार लावून घेतात. रिकामी बॅग खोटं बोलते, असं त्यांचं मत आहे.

भरलेली असेल तर ती आत घेतली जाते. इतरांच्या हॉलमध्ये जिथे टीपॉय असतो, तिथे सबनीसांनी प्लायवूडची एक बिनझाकणाची पेटी ठेवली आहे. आतलं माप पंचावन्न, चाळीस, तेवीस सेंटिमीटर. भवानी पेठेतल्या लाकूडबाजारातून प्लायवूड आणून ती त्यांनी स्वतः केली. तिला ते 'गेज' म्हणतात. बॅग गेजमध्ये सोडायची. "दाबायचं नाही. स्वतःच्या वजनाने गेली पाहिजे." गेली तर पास, अडकली तर रिजेक्ट. तिसरा निकाल नाही.

सबनीस खडकीला संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. सुटा भाग गेजमध्ये घालायचा आणि निकाल द्यायचा, हे त्यांनी नोकरीभर केलं. निवृत्तीनंतर ते आमच्या वारज्याच्या सोसायटीत राहायला आले, माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये. पत्नी सुषमाताई काही वर्षांपूर्वी गेल्या. मुलगी केतकी ऑस्ट्रेलियात असते.

गेजचं मूळ केतकीमध्ये आहे. वडिलांच्या सत्तरीनिमित्त तिने मुंबईहून लक्षद्वीपला जाऊन परत येणाऱ्या जहाजाचं बुकिंग केलं. केबिन दोघांची. एक नाव सबनीसांचं, दुसरं मागाहून कळवायचं. "बाबा, कोणालातरी बरोबर घ्या," एवढीच तिची अट होती. सोबत जहाज कंपनीचे सामानाचे नियम आले. मोठं सामान बंदरावर सोपवायचं, ते संध्याकाळी केबिनच्या दारात येतं. हातातली बॅग मात्र तपासणीच्या यंत्रातून स्वतः न्यायची, आणि ती ठरलेल्या मापाची हवी. चाकं आणि हँडल धरून.

हे शेवटचं वाक्य वाचून सबनीसांना, त्यांच्याच शब्दांत, बरं वाटलं. "बघा, समुद्रावरसुद्धा कोणीतरी शिस्तीचा माणूस आहे."

बॅग घ्यायला ते मला लक्ष्मी रस्त्यावर घेऊन गेले. दुकानदाराने एक बॅग पुढे सरकवली.

"काका, केबिन साइज. डोळे मिटून घ्या."

"उघडे ठेवून घेतो. चाकांसकट किती?"

"माप बॅगेचं असतं, काका. चाकं खाली आली."

"वर चढताना चाकं खालीच सोडून जायची का?"

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. सबनीसांनी खिशातून टेप काढला, दुकानातल्या सगळ्या बॅगा मोजल्या आणि मगच एक घेतली. निघताना दुकानदार म्हणाला, "काका, पुढच्या वेळी माल येईल त्या दिवशीच या, उतरवायलाही मदत होईल." सबनीस म्हणाले, "कळवा."

गेजची बातमी सोसायटीत पसरली. विमानाने जाणारे लोक तपासणीसाठी येऊ लागले. माप जहाजाचं आहे, विमानाचं वेगळं असू शकतं, हे कोणी मनावर घेतलं नाही, सबनीसांनी तर नाहीच. तळमजल्यावरच्या परांजपे काकू जिन्यात सापडल्या तेव्हा त्यांचीही बॅग वर नेण्यात आली. बाहेरच्या कप्प्यात लाडवांचा डबा होता. रिजेक्ट.

"अहो सबनीस, मी नांदेडला चालले आहे. एसटीने!"

"नियम तो नियम."

"एसटीचा कंडक्टर काय टेप घेऊन बसणार आहे?"

"नसेल बसणार. म्हणून मी बसलोय."

काकूंनी लाडवांचा डबा काढला, त्यातला एक त्यांना दिला आणि तासभर बसून गेल्या. हे मी पुढेही बरेचदा पाहिलं. बॅग पास झाली की माणूस लगेच निघतो. रिजेक्ट झाली की तिथेच बसून सामान काढतो, पुन्हा भरतो, आणि मधे चहा होतो. सबनीसांच्या ओट्यावर दुपारपासून दोन कप पालथे घातलेले असत.

दुसऱ्या नावाचं काय झालं, हे मी अधूनमधून विचारत असे. "निवड चालू आहे," सबनीस सांगत. त्यांची पद्धत सरळ होती. ज्याची बॅग बसत नाही, तो माणूस केबिनमध्ये काय बसणार?

एके संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं, "करंदीकर बाद. हँडल पूर्ण आत जात नाही." करंदीकर म्हणजे पलीकडच्या इमारतीतले निवृत्त शिक्षक, बुद्धिबळाचे शौकीन. मला ते योग्य उमेदवार वाटले होते. पुढच्या आठवड्यात जगताप बाद झाले. आमची सोसायटी ज्यांच्या शेतावर उभी आहे, ते हे जगताप. "तीन बोटं जास्त. शिवाय म्हणाले, दाबा की जरा." दाबा म्हणणाऱ्या माणसाबरोबर प्रवास शक्य नाही, असं सबनीसांनी सांगितलं. केतकीचा रविवारी फोन येई आणि समोरच्या दारातून मला त्यांचा आवाज ऐकू येई. "अगं, घाई काय आहे? चांगला माणूस मिळायला वेळ लागतो."

मग नाव कळवण्याची मुदत दोन दिवसांवर आली.

त्या सकाळी भाजीच्या गाडीपाशी जगताप भेटले. मी म्हटलं, तुमचं जहाज हुकलं, वाईट वाटलं.

"कसलं जहाज ओ?" जगताप म्हणाले. "मी दिल्लीला पोरीकडं चाललो हाय. इमानात बॅग अडवत्यात म्हणून मापून घ्यायला गेलतो. माणूस कडक हाय, पण च्या झ्याक करतो."

"सबनीसांनी तुम्हाला लक्षद्वीपचं विचारलं नाही?"

"न्हाय बा. ते चाललेत व्हय? एकटंच?"

करंदीकरांकडे मी मुद्दाम गेलो. ते बंगळूरला नातवाच्या मुंजीला निघाले होते, त्यासाठीच बॅग दाखवून आले होते. "क्रूझ?" ते म्हणाले. "माझ्याशी तर अवाक्षर नाही काढलं. विचारलं असतं तर काहीतरी जमवलंही असतं. आता तिकिटं झाली."

म्हणजे निवड वगैरे काही झालीच नव्हती. सबनीसांनी कोणाला विचारलंच नव्हतं. लोक आपापल्या प्रवासाच्या बॅगा घेऊन येत होते, आणि सबनीस त्यांना मनातल्या मनात बरोबर नेऊन, मनातल्या मनात बाद करत होते.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. ते गेजच्या कडांवर पॉलिश पेपर फिरवत होते. कडा आधीच गुळगुळीत होत्या.

"नाव कळवलंत?"

"एकाचंच जाईल असं दिसतंय." त्यांनी पेपर झटकला. "बॅगा सगळ्या भिकार निघाल्या."

मी समोर बसलो. तेच पुढे म्हणाले, "आमच्याकडे विचारायचं खातं सुषमाचं होतं. जेवायला कोण, सहलीला कोण, ते ती बघायची. बोलावणं तिच्याकडे, खुर्च्या माझ्याकडे. मला ते जमत नाही. समोरचा नाही म्हणाला की पुढे काय बोलायचं असतं, ते ठाऊक नाही." मग कारखान्यातल्यासारख्या आवाजात म्हणाले, "चहा घेणार का? तुमच्याकडे बॅग नाही, पण घ्या."

दुसऱ्या दिवशी मी, जिथे नोकरी करतो त्या वर्तमानपत्राच्या कचेरीत, रजेचा अर्ज दिला. घरी येऊन माळ्यावरची बॅग काढली, पुसली, आणि भरली. शर्ट, विजार, औषधाची डबी, चपला. मग समोरची बेल दाबली.

सबनीसांनी बॅगेकडे पाहिलं.

"भरलेली आहे का?"

"आहे."

ती गेजमध्ये सोडली. मधे क्षणभर थबकली आणि खाली गेली. सबनीसांनी ती बाहेर काढली, फिरवली, आणि पुन्हा सोडली. पास झालेली बॅग त्यांनी दुसऱ्यांदा तपासल्याचं मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

"कुठे निघालात?" त्यांनी विचारलं. ते माझ्याकडे नाही, गेजकडे बघत होते.

"रजा मंजूर झाली आहे. तुमचं जहाज परत येईपर्यंतची."

ते उभे राहिले. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. "पास," ते म्हणाले, जरा उशिरा. मग हँडल धरून त्यांनी बॅग आतल्या खोलीत नेली आणि भिंतीशी, स्वतःच्या बॅगेशेजारी उभी केली. दोन्ही बॅगांची चाकं एका रेषेत येईपर्यंत सरकवली.

"अहो, त्यातला एक शर्ट मला उद्या लागेल," मी म्हटलं.

"मग उद्या या आणि घेऊन जा," सबनीस म्हणाले. "बॅग इथेच राहील."