चाळीस गोधड्यांची शास्त्रीय तपासणी

कोणत्याही राष्ट्राची प्रगती त्याचे नागरिक सकाळी कोरड्या अंथरुणातून उठतात की ओल्या यावरून मोजावी. पाच वर्षांखालच्या नागरिकांनी या बाबतीत आजवर राष्ट्राला फारसे सहकार्य दिलेले नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी मुंबईच्या एका औषध कंपनीने १९७८ च्या उन्हाळ्यात एक पिवळे, गोड औषध तयार केले आणि ते तासगाव तालुक्यातल्या एका गावी चाळीस मुलांवर तपासून पाहायचे ठरवले. (गाव निवडण्याचे कारण अहवालात 'सुयोग्य लोकसंख्या' असे दिले आहे. कंपनीच्या साहेबांना परत जाताना बेदाणे न्यायचे होते, हे कारण दिलेले नाही.)

प्रयोगाची आकडेमोड सांभाळायला सांगलीच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणारे प्रा. आकाराम माने यांना नेमण्यात आले. माने सर मूळचे त्याच गावचे. परका माणूस चालला नसता. मागच्या दोनतीन वर्षांत सरकारने नसबंदीच्या निमित्ताने इथल्या पुरुषांच्या साधारण त्याच भागाकडे इतके लक्ष पुरवले होते, की हातात बॅग घेतलेला अनोळखी इसम दिसला तरी माणसे उसात शिरत.

सरांनी मारुतीच्या देवळात आयांची सभा घेतली आणि काहीही न लपवता सांगितले, की वीस बाटल्यांत औषध आहे आणि वीस बाटल्यांत पिवळे साखरपाणी. कुणाच्या वाट्याला काय आले हे आईला कळणार नाही आणि कंपनीच्या डॉक्टरलाही कळणार नाही. तशी यादी एका लाखबंद लखोट्यात सरांच्या कपाटात राहील. शास्त्रात याला अंध पद्धत म्हणतात.

सरांची चुलती राहीबाई पुढेच बसली होती. ती म्हणाली, "आक्या, म्हंजे निम्म्या पोरांस्नी तू साखरपाणी पाजणार?"

"काकी, ते शास्त्र आहे."

"आन त्या निम्म्यांनी तुझं काय घोडं मारलंय?"

सरांनी या प्रश्नाला नऊ मिनिटे उत्तर दिले. बायकांनी ते ऐकून घेतले. शिकलेल्या माणसाचे ऐकून घ्यायची या गावात पद्धत आहे.

मग नियम ठरले. पहिला, प्रत्येक मुलाला स्वतंत्र गोधडी. (तोवर एका गोधडीत पाच मुले निजत, त्यामुळे पुराव्याची सरमिसळ होई.) दुसरा, मुलाला रात्री उठवून बाहेर न्यायचे नाही, म्हणजे जो काही परिणाम दिसेल तो औषधाचाच. तिसरा, रोज सकाळी साडेसहाला सर घरोघर फिरून गोधडी उलट्या हाताने चाचपतील आणि वहीत कोरडी, दमट किंवा ओली अशी नोंद करतील. 'दमट' या शब्दाची सरांनी केलेली व्याख्या चौदा ओळींची आहे. तिच्यावर आजवर कुणीही आक्षेप घेतलेला नाही, कारण ती शेवटपर्यंत कुणी वाचलेली नाही.

येथपर्यंत सर्व शास्त्राला धरून झाले. पण चाळिसांतला सतरा क्रमांकाचा मुलगा अर्जुन हा सरांचाच होता. वय पावणेपाच. जूनमध्ये त्याला पाचगणीच्या एका निवासी शाळेत घालायचे होते, आणि शाळेच्या अर्जात सहावा प्रश्न असा होता: 'बालक रात्री कोरडे राहते काय?' माने घराण्यातला पाचगणीला जाऊन इंग्रजीत रडणारा हा पहिलाच मुलगा. त्याची वाट एका गोधडीने अडवून धरली होती. सुट्टीत सर बायकोमुलासह गावी येऊन राहिले आणि रोज सकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने स्वतःच्या वहीत लिहिले: क्रमांक १७, ओली.

अकराव्या दिवशी, जेवण झाल्यावर, सरांनी लखोटा उघडला.

हे नियमबाह्य होते असे कुणी म्हणू नये. आईला कळू नये असा नियम होता, डॉक्टरला कळू नये असाही होता. बापाबद्दल नियम गप्प होता. यादीत सतराव्या क्रमांकापुढे 'साखरपाणी' आणि अठराव्यापुढे 'औषध' असे होते. अठरा म्हणजे शेजारच्या पारूबाईची नात. बाटल्या दर सोमवारी नव्या येत. सर मंगळवारी पारूबाईकडे 'बाटली-तपासणी'ला गेले. ती चहाला आधण ठेवायला आत वळल्यावर त्यांनी पिशवीतली अर्जुनची बाटली तिथे ठेवली आणि तिथली पिशवीत घातली. पारूबाईने दृष्ट लागू नये म्हणून बाटलीच्या गळ्याला काळा दोरा बांधला होता. तोही त्यांनी सोडून नव्या बाटलीला नीट बांधला, कारण प्रयोगात परिस्थिती कायम ठेवावी लागते. मग चहा घेतला. असे चार मंगळवार झाले. चहा दर वेळी चांगला होता.

सहाव्या आठवड्याअखेर वहीत दिसले ते असे. औषधाच्या गटात वीसपैकी वीस मुले कोरडी. साखरपाण्याच्या गटात वीसपैकी एकोणीस. सबंध गावात ओली राहिलेली गोधडी एकच. क्रमांक १७.

सरांनी तीनदा बेरीज केली आणि राहीबाईच्या सोप्यात जाऊन बसले.

"काकी, खरं सांग. बाटल्यांचं काय केलंत?"

"काय करायचं? तुझी सभा झाली त्याच सांजंला समद्या बाटल्या हंड्यात वतल्या, ढवळल्या, आन पुन्ना भरल्या. दर सोमवारी तसंच. कुणाच्या पोराला मिळावं आन कुणाच्या मिळू नये, ह्ये काय बरं दिसतं व्हय?"

"म्हणजे सगळ्यांना निम्मं निम्मं?"

"व्हय की. तुझी बायकू बी बाटली घिऊन यायची. तुला सांगितलं न्हाई तिनं?"

तिने सांगितले नव्हते. आईला कळू नये असा नियम करणाऱ्याला आईने काय सांगावे!

"मग तू मंगळवारी पारूकडं बदलून न्हेत हुतास ते बी त्येच," राहीबाई शांतपणे म्हणाली.

सरांनी पाणी मागितले.

"पारू म्हणली, मास्तर येत्यात, च्या पित्यात आन बाटली बदलून जात्यात. दोऱ्याची गाठ बघून वळखलं तिनं. असली गुळगुळीत गाठ शिकलेला मानूसच मारतो. म्या म्हणलं, असू दे, शास्त्र असंल त्याचं काय तरी."

"पण काकी, निम्म्या औषधावर सगळी पोरं कोरडी झाली कशी?"

"औषिदानं कशाला हुत्यात? तू रोज सक्काळी येऊन दुसऱ्यांच्या गोधड्या चापसणार. लाज वाटती का न्हाई माणसाला? राती दोनदा उठवून न्हेत हुतो पोरांस्नी समद्या."

"उठवायचं नाही असा नियम होता!"

"मग पाळला की तुझ्या घरात. तुझं एकलंच पोर वलं ऱ्हायलं. गरीब बिचारं."

माने सर घरी आले आणि अहवाल लिहायला बसले. खरे लिहावे तर हंडा लिहावा लागला असता, आणि हंड्यामागून पारूबाईचा चहा आला असता. म्हणून त्यांनी फक्त वहीतले आकडे लिहिले: औषध शंभर टक्के, साखरपाणी पंच्याण्णव. उरलेले पाच टक्के म्हणजे अर्जुन. त्या एका मुलाच्या जोरावर औषध साखरपाण्याहून सरस ठरले. कंपनीने सरांना शाल दिली.

पाचगणीच्या अर्जातल्या सहाव्या प्रश्नापुढे सरांनी 'या वयोगटात ९७.५ टक्के' असे लिहून अहवाल जोडला. शाळेने आकड्यांचा मान राखून अर्जुनला घेतले, आणि नवव्या दिवशी गादीसकट परत पाठवले. हल्ली तो सांगलीतच शिकतो. रात्री त्याची आई त्याला एकदा उठवते. तो कोरडा असतो. सरांनी याची नोंद कुठेही केलेली नाही.

अहवालाची बातमी सांगलीच्या वर्तमानपत्रात आल्यापासून सरांना बत्तीस पत्रे आली आहेत. हंडा ढवळला गेला हे गावाबाहेर कुणालाच माहीत नसल्याने त्याबद्दल कुणी विचारलेले नाही. सगळ्यांना औषधाचे नाव हवे आहे, आणि साखरपाण्याची बाटली हाती पडू नये म्हणून काय करावे हेही. हे वाचून आपणही सरांना लिहाल, त्यात गैर काही नाही. फक्त 'शेजाऱ्यांच्या मुलासाठी हवे आहे' असे लिहू नये. बत्तिसांतल्या एकतीस जणांनी तेच लिहिले आहे. उरलेल्याने मूल मेहुणीचे असल्याचे म्हटले आहे.