वृषालीची चिल्लर पिशाच्चं

"या खेळात मला हरवणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात जन्माला आलेला नाही!" असं भीमराज भिंगारदिवे छातीवर हात ठेवून सांगायचा, आणि ते शंभर टक्के खरं होतं. कारण तो खेळ अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला माहीतच नव्हता!

भीमराज एमआयडीसीतल्या एका कारखान्यात डिझाइन विभागात होता. पंच्याण्णव साली कंपनीनं त्याला ट्रेनिंगला अमेरिकेत धाडलं. लोक तिकडून कॅमेरा आणतात, सेंट आणतात, गेलाबाजार चॉकलेटं तरी आणतात. यानं पत्ते आणले. तेही साधे नव्हेत, रक्त पिणाऱ्या पिशाच्चांचे! बॅग उघडली तेव्हा त्याची बायको वृषाली आधी त्या पत्त्यांकडे आणि मग नवऱ्याकडे बघत राहिली.

"साडी कुठंय?"

"अगं, अमेरिकेत साडी मिळते का?"

"आणि भुतं मिळतात?"

खेळ असा. चौघांनी गोल करून बसायचं. प्रत्येकापुढं तीस चिंचोके. चिंचोके म्हणजे आपलं रक्त! ते खर्चून आपली पिशाच्चं मैदानात उतरवायची आणि त्यांच्याकरवी डाव्या हाताला बसलेल्याला चावे घ्यायचे. एका चाव्याला एक चिंचोका गेला. ज्याचे चिंचोके संपले तो मेला! आता पिशाच्च जितकं थोर, तितकं महाग. अकरा चिंचोक्यांचंही असतं आणि एका चिंचोक्याचंही असतं. शिवाय पिशाच्चांच्या मदतीला डावपेचांची पानं निराळी.

पत्त्यांची वाटणी अर्थातच भीमराजनं स्वतः केली. मखमली कोटातले, किल्ल्यात राहणारे, पाचशे-पाचशे वर्षं रक्त पिऊन गब्बर झालेले सगळे थोरले त्यानं स्वतःकडे ठेवले. मधली फळी कारखान्यातल्या दोन मित्रांना, हिशेब विभागातल्या रंगनाथला आणि स्टोअरमधल्या कल्याणला दिली. चौथा भिडू मिळेना, म्हणून वृषालीला बसवलं आणि उरलासुरला गाळ तिच्या पुढ्यात सरकवला. त्यात एक खिसेकापू होता, हॉटेलातून हाकललेला एक आचारी होता, एक बेसूर गवई होता. किंमत एक, दोन, फार तर तीन!

"चिल्लर आहे," भीमराज मोठ्या मनानं म्हणाला, "पण तुला शिकायला बरी."

वृषाली एसटीच्या बुकिंग खिडकीवर होती. सुट्टीच्या हंगामात अर्धा जिल्हा त्या खिडकीत हात घालायचा, आणि ती प्रत्येकाला तिकीट आणि सुटे पैसे देऊन हसतमुखानं घरी यायची. तिनं ती पानं न्याहाळली.

"गरीब माणसं दिसतात हो ही."

"माणसं नाहीत, पिशाच्चं."

"बरं, गरीब पिशाच्चं."

शनिवारी कारखान्याला सुट्टी. वृषालीनंही साप्ताहिक रजा त्याच दिवशी घेतलेली. पहिला डाव सुरू झाला. वृषालीच्या डाव्या हाताला भीमराजच बसला होता. भीमराजनं आपल्या अकरा चिंचोक्यांच्या सरदाराला बोलावणं धाडलं. पण एका खेपेला चारच चिंचोके ठेवता येतात, त्यामुळं सरदार यायला वेळ लागणार होता. तोवर वृषालीचा खिसेकापू उतरला. मागोमाग आचारी. मग गवई. मग आणखी दोघं, ज्यांची नावं वाचायच्या आत ते चावून मोकळे झाले!

"अगं, थांब! माझं अजून कुणी उतरलंच नाही!"

"म्हणूनच तर आत्ता चावायचं ना?"

अखेर सरदार उतरले. मखमली कोट, हातात चांदीची मूठ असलेली काठी. त्यांनी खिसेकापूला अडवलं. तोवर बाकीचे चौघं बाजूनं आत शिरले. राजवाड्याच्या दारावर पहारेकरी एक आणि खिडक्या उघड्या, तशातली गत! सरदारांनी एकदाही कुणाला चावायच्या आत भीमराजचा शेवटचा चिंचोका गेला.

"नशीब!" भीमराज म्हणाला.

पुढच्या शनिवारी त्याचे दोन सरदार यायच्या बेतात असताना तो मेला. या खेपेला त्यानं बायकोची पानं मागून घेऊन तपासली आणि त्याचा आ वासला. भारी म्हणून डावपेचांची जी जी दिखाऊ पानं त्यानं सुचवली होती, ती तिनं बाजूला काढून ठेवली होती. नुसती चिल्लर, चोरून आत शिरायची पानं आणि चावा खोल करायची पानं! तिसरं काही नाही.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"शिकवायचं काय त्यात? तुमची एशियाड गाडी फलाटाला लागेस्तोवर माझ्या दहा लाल गाड्या श्रीगोंद्याला पोचतात. फाटक्या सीटच्या का असेनात."

भीमराज बघतच राहिला. लग्नाला सहा वर्षं झाली होती, बाईच्या डोक्यात हे चालतं हे त्याला ठाऊकच नव्हतं! पुढचा आठवडाभर ड्रॉइंग बोर्डावर गिअर काढायला घेतला की त्याला त्या गिअरचे दात खिसेकापूचे वाटायला लागले. कौतुक तर वाटत होतंच, पण नवऱ्याचं कौतुक ते, घशातच अडकलं. तिसऱ्या शनिवारी त्यानं मित्रांदेखत गर्जना केली, "आज हरलो तर घरातली सगळी भांडी मी घासीन! अंगणात बसून!"

आणि त्या दिवशी खरंच रंग पालटला. वृषालीच्या उजव्या हाताला कल्याण होता. त्यानं तिला असं काही धुतलं की तिचे चिंचोके भराभर गळाले. तिकडं भीमराजचा सरदार एका खेपेवर आला होता.

"अगंबाई!" वृषाली किंचाळली. "माझं दोनच रक्त उरलंय! आता काही केलं नाही तर मी मेलेच!"

"वहिनी, धीर सोडू नका," रंगनाथ म्हणाला.

"मरू दे तिला!" भीमराज आनंदानं ओरडला. "एकदा ही मेली की मी मोकळा!"

नेमक्या याच वेळी शेजारच्या छबूबाई विरजणासाठी वाटी घेऊन मागच्या खिडकीशी उभ्या होत्या. त्यांनी वाटी पदराखाली घेतली आणि तशाच कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथकडे धावल्या. छबूबाईंचं म्हणजे आकाशवाणी केंद्रासारखं होतं. ऐकलेली बातमी जशीच्या तशी द्यायची नाही, मागेपुढे थोडं संगीत घालायचंच! वृषालीच्या माहेरी, काष्टीला, दुकानदाराच्या फोनवर निरोप गेला तो असा: पोरीच्या अंगात दोन थेंब रक्त राहिलंय, डॉक्टरांनी हात टेकलेत, आणि नवरा मोकळं व्हायची वाट बघतोय!

इकडं घरात निराळाच चमत्कार झाला होता. दोन चिंचोक्यांवर उभ्या असलेल्या वृषालीनं राखून काहीच ठेवलं नाही. जेवढी चिल्लर होती तेवढी सगळी एकदम सोडली! आचारी अडवला गेला, गवई अडवला गेला, पण बाकीची मुंग्यांच्या रांगेसारखी आत घुसतच राहिली. सरदार आले तेव्हा त्यांना बोलावणारा मेलेला होता. रंगनाथ आणि कल्याण स्वतःचा डाव विसरून टाळ्या वाजवायला लागले. भीमराजचेही हात नकळत उठले. हरल्याचं दुःख व्हायला हवं होतं, पण ते होईना. पावसाळी नदीला आलेला लोंढा काठावरून बघावा, तसं काहीतरी त्याला वाटत होतं.

जेवणं झाली, मित्र गेले. वृषाली विजयाच्या धुंदीत पंख्याखाली आडवी झाली. भीमराज शब्दाचा पक्का! पाट, बादली, नारळाची शेंडी आणि राख घेऊन तो अंगणात बसला आणि कढई घासायला लागला.

तेवढ्यात दारात टेम्पो थांबला.

टेम्पोला बैलबाजाराचा वास होता आणि आत माणसं गच्च भरली होती. पुढून सासरे रंभाजी उतरले, मागून सासूबाई बनाबाई, आणि मग उतरतच राहिली माणसं. धोतरं, पातळं, टोप्या! रंभाजींनी राखेनं माखलेल्या जावयाला पाहिलं आणि ते मटकन ओट्यावरच बसले.

"जावाई भांडी घासतोय! म्हंजी लेक हातरुनाला खिळली!"

"माजी वृषे!" बनाबाईंनी हंबरडा फोडला आणि त्या आत धावल्या. मागोमाग निम्मा टेम्पो आत. वृषाली दचकून उठायला गेली, तर चार बायांनी तिला खांदे धरून पुन्हा निजवली.

"उठू नगं! हाय तेवडं रगत खाली येतंय!"

"आई? तू इथं कशी? सोडा मला!"

"वातात बडबडायली," कुणीतरी म्हणालं.

भीमराज राखेच्या हातांनी आत घुसला. "मामा, गैरसमज झालाय! तिचं रक्त संपलेलं नाही! ते चिंचोके होते!"

रंभाजींनी जावयाला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"ह्येच्याबी डोस्क्यावर झालंय," ते हळूच बनाबाईंना म्हणाले. मग त्यांची नजर सतरंजीवर गेली. तिथं सुळे दाखवणारी पिशाच्चं ओळीनं मांडलेली होती. म्हातारा ताडकन उठला. "छप्पन साली दीक्षा घेतली तवा आपन देव, भुतं, अंगारे, समदं गावाच्या भाइर टाकलं! माज्या बापानं सोत्ता घोड नदीत सोडलं! आन तू अमेरिकेला जाऊन भुतं डब्यात भरून आनलीस व्हय?"

"मामा, खेळ आहे हो तो!"

शेवटी वृषालीनंच सोडवलं. बायांचे हात झटकून ती उभी राहिली आणि तिनं सगळा प्रकार सांगितला. दोन रक्त म्हणजे दोन चिंचोके. मरणं म्हणजे डावातून बाद होणं. आणि भांडी? ती हरल्याबद्दल!

दाराशी छबूबाई वाटी घेऊन उभ्या होत्या, त्या वाटीच्याच आड झाल्या. भर बाजाराच्या दिवशी ही माणसं आली होती. त्यात भाजीच्या ढिगावर फडकं टाकून आलेल्या साळूबाई होत्या. एक जण तर अर्ध्या दाढीवर आलेला होता, अर्धा गाल गुळगुळीत, अर्धा साबण वाळून पांढरा! आता ही माणसं आपल्याला इथंच तुडवणार, आणि तुडवलं तर त्यांचं काही चुकणार नाही, असं भीमराजला वाटलं.

"साळूबाई," तो कसाबसा म्हणाला, "तुमचं आमचं नातं तरी काय? भाजी टाकून तुम्ही..."

"नातं कशाला लागतंय?" साळूबाई म्हणाल्या. "फोन आला, पोरीला रगत लागतंय. म्हनलं, इतकी जनं गेल्यावर कुना तरी एकाचं जुळंलच की! म्हून टेम्पो भरला."

भीमराज त्या माणसांकडे बघत राहिला. वृषालीला आठवत असतील नसतील अशी माणसं, आणि एकेकाची बाही कोपराच्या वर सरकवलेली! वाटेतच सरकवून ठेवली होती त्यांनी, इथं येऊन वेळ जायला नको म्हणून.

बनाबाईंनी लेकीच्या तोंडावरून हात फिरवला, आणि आधी त्याच हसायला लागल्या. मग सगळी खोली हसली. रंभाजी सोडून. ते सतरंजीवर वाकून खिसेकापूचं पान बघत होते.

"एवड्याशानं त्या कोटवाल्याला पाडला?"

"एकट्यानं नाही, दादा," वृषाली म्हणाली. "सगळ्यांनी मिळून."

"हां! मंग बराबर हाय."

चहा झाला. मग साळूबाईंनी पदर खोचला. "आता डिझेल जाळून आलोय, तर रगत दिऊनच जायाचं! कुनाला तरी लागतच आसंल."

झालं! टेम्पो रक्तपेढीच्या दारात. इतके दाते एकदम बघून तिथला तंत्रज्ञ खुर्चीवरून उठून उभाच राहिला. बोटाला सुई टोचायची आणि रक्ताचा थेंब निळ्या पाण्यात सोडायचा. थेंब बुडाला तर रक्त सकस, तरंगला तर कमी. रंभाजींना वयामुळं परत पाठवलं, तेव्हा ते तिथं चांगलेच भांडले. काही बायांचं वजन भरलं नाही. बाकी सगळ्यांचे थेंब दगडासारखे तळाला गेले. साळूबाईंचा तर असा गेला की तंत्रज्ञ "वा!" म्हणाला. वृषालीचाही बुडाला.

शेवटी भीमराज पुढं झाला. आज पहिल्यांदाच त्याला मनापासून काहीतरी द्यावंसं वाटत होतं. त्यानं ऐटीत बोट पुढं केलं. थेंब निळ्या पाण्यात पडला आणि थाटात तरंगायला लागला! तंत्रज्ञानं बाटली हलवली. थेंब हलला, पण बुडाला नाही.

"साहेब," तंत्रज्ञ हसून म्हणाला, "तुम्ही काय देणार? तुम्हालाच द्यावं लागेल. आहे का कुणी सोबत?"

तो बिचारा गमतीनं म्हणाला होता. पण मागच्या बाकावर बसलेल्या माणसांना गंमत कळलीच नाही. कोपरात कापसाचे बोळे धरून बिस्किटं खाणारी सगळीच्या सगळी माणसं एकदम उठली आणि दुसऱ्या हाताची बाही वर सरकवत रांगेत येऊन उभी राहिली!