चौकातली सत्यशीला

सत्यशीला पुन्हा तांब्या घेऊन तुळशीपाशी आली, तेव्हा ओट्यावर वाती वळत बसलेल्या बायनाबाईंना राहवलं नाही.

"अगं, तुळस हाय ती, ऊस न्हाई," त्या सुनेला म्हणाल्या. "सकाळधरनं किती पाजायलीस तिला?"

सत्यशीलाने तांब्या खाली ठेवला. आत जाऊन कपाट उघडलं, नुसतंच बघून लावलं. स्वयंपाकघरातले डबे पुसायला काढले आणि अर्धे पुसून परत अंगणात आली. घरात कामाला बायामाणसं होती, त्यामुळे या येरझाऱ्यांना कामाचं नाव देण्याचीही सोय नव्हती. बायनाबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि पुढची वात घेतली. सुनेला काहीतरी खुपतंय एवढं त्यांनी ओळखलं होतं. काय खुपतंय ते मात्र त्यांच्या सात पिढ्यांना सुचलं नसतं.

झालं होतं असं, की बीडला एका लग्नात सत्यशीलाला शाळेतली मैत्रीण मोहिनी भेटली. दोघी एकाच वयाच्या, पंचेचाळिशी ओलांडलेल्या. पण मोहिनीची साडी अशी काही बसली होती, की सत्यशीलाची नजर तिथून हलेना. मंगल कार्यालयाच्या खोलीत बायका साड्या बदलत होत्या, त्या गडबडीत मोहिनीने तिच्या कानात सांगितलं, "करून घेतलं. पुण्याला. छातीचं ऑपरेशन असतंय, कुणाला कळत बी न्हाई." सत्यशीलाला आधी काहीच समजलं नाही. मग समजलं, आणि मग जेवणाच्या पंगतीत बासुंदीची चवही लागली नाही.

दोन लेकरं अंगावर पाजून झाली, त्यानंतर थायरॉईडने अंग उतरलं, आणि छाती अशी सपाट झाली की आरशासमोर ती उभी राहायची ती मानेपर्यंतच. गावातली शिंपीण बबिता न सांगता ब्लाऊजला आतून जाड कापड लावून द्यायची. बबिता एखाद्या शब्दाने काही बोलली असती तर बरं वाटलं असतं. ती गप्प राहायची, तेच सत्यशीलाला जास्त लागायचं. नवरा राजकारणातला, रोज कुठलातरी कार्यक्रम, रोज फोटो. सत्यशीला प्रत्येक फोटोत कुणाच्या तरी मागे उभी. कित्येक वर्षांत तिचा चेहऱ्याखालचा फोटो कुणी काढला नव्हता, कारण तिने काढू दिला नव्हता.

तर लग्नाहून आल्यापासून हे सुरू झालं. सकाळी करायचं ठरायचं, दुपारी मोडायचं, दिवेलागणीला पुन्हा ठरायचं. या वयात हे थेर शोभतात का, असं एक मन म्हणायचं. मग कोणत्या वयात शोभतात, असं दुसरं विचारायचं. शेवटी संभाजीनगरला शिकायला असलेल्या लेकीला, संस्कृतीला, तिने विश्वासात घेतलं. संस्कृतीने डॉक्टर शोधला, तारीखही घेतली. आता अडचण एकच उरली. ऑपरेशननंतर काही दिवस हात वर करायचा नाही, काही उचलायचं नाही. म्हणजे घरात काहीतरी सांगणं भाग होतं.

तिने नवऱ्याला फोन लावला, आणि तिथेच घोटाळा झाला. विजयसिंह फोन कायम स्पीकरवर ठेवत. येणाऱ्याजाणाऱ्याला नमस्कार करायला एक हात मोकळा लागतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

"मी काय म्हणते, मला संभाजीनगरला जायचंय. बारीकसं ऑपरेशन करायचं हाय."

"ऑपरेशन? कशाचं?"

मागे कपबशांचा आवाज येत होता. म्हणजे विजयसिंह चौकातल्या हॉटेलात होते आणि त्यांच्याभोवती निदान डझनभर कान होते. सत्यशीलाच्या तोंडून निघून गेलं, "पित्ताचे खडे झालेत."

आजारी माणसाला भेटायला जायचं, ही आपल्याकडची रीतच आहे. पण निवडणूक तोंडावर आलेल्या पुढाऱ्याच्या बायकोला भेटायला जायचं म्हटल्यावर लोक ऑपरेशन होईपर्यंत कशाला थांबतील? संध्याकाळपासून रीघ लागली. केळी आली, बिस्किटाचे पुडे आले, शहाळी आली. प्रत्येकाच्या नात्यात कुणाचे ना कुणाचे खडे निघालेले होते आणि प्रत्येकाला ते मुठी वळून किती मोठे होते ते दाखवायचं होतं. शेजारच्या कडूबाईने तर कुठला तरी पाला वाटून आणला आणि समोर बसून पाजला. तो इतका कडू होता की सत्यशीलाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून कडूबाई म्हणाली, "खडा हलला बघ."

दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला.

तो गेवराईच्या पप्पूने केला होता. विजयसिंहांचे सगळे फ्लेक्स तोच करायचा. 'आदरणीय सत्यशीलाताईसाहेब यांच्या शस्त्रक्रियेस हार्दिक शुभेच्छा' असं वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं. पप्पूने वाढदिवसाचाच साचा वापरलेला असल्यामुळे कोपऱ्यात फुगे आणि केक तसेच राहिले होते. डाव्या बाजूला विजयसिंह हात उंचावून उभे, खाली शुभेच्छुकांची इवली इवली तोंडं. आणि मधोमध, दोन माणसं उंच, हात जोडलेली सत्यशीला.

बघायला म्हणून ती देवळाच्या निमित्ताने चौकात गेली आणि जागच्या जागी उभी राहिली. चेहरा तिचा होता. मानेखाली मात्र दुसरीच कुणीतरी बाई होती. भरल्या अंगाची, रुंद खांद्यांची, मोरपंखी काठाच्या साडीतली. आणि छाती म्हणाल तर मोहिनीनेही बघत राहावी अशी.

सत्यशीलाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आपल्या मनातलं सगळ्या गावाला कळलं आणि गावाने ते चौकात टांगलं, असंच तिला वाटलं. तिने पदर ओढून घेतला आणि चोरून आजूबाजूला पाहिलं. फ्लेक्सखाली माणसं चहा पीत होती. एक शेळी खालच्या शुभेच्छुकांना अंग घासत होती. कुणाचं काही लक्ष नव्हतं.

तेवढ्यात विजयसिंह आले. कमरेवर हात ठेवून त्यांनी फ्लेक्स वरपासून खालपर्यंत न्याहाळला.

"झकास केलाय पप्पूनं," ते म्हणाले. "तू तर अगदी हाय तशीच आलीस."

चोवीस वर्षांचा संसार सत्यशीलाच्या डोळ्यांसमोरून सरकला आणि त्या संसारात या माणसाने नेमकं काय बघितलं, याचा तिला अंदाज येईना.

त्यानंतर बायका आल्या की ती आधीच अंग चोरून बसायची. आता ही विचारणार, मग ती विचारणार. बायकांनी विचारलंही, पण भलतंच. "वहिनी, हार कधी केला?" फ्लेक्सवरच्या बाईच्या गळ्यात पोटापर्यंत आलेला राणीहार होता, आणि गावातल्या एकूण एक बाईला तेवढाच दिसला होता. पदकात किती खडे आहेत हेसुद्धा त्यांनी मोजलं होतं. सत्यशीलाने हार नाही म्हणून सांगितलं, तर त्या एकमेकींकडे बघून हसल्या. पुढाऱ्याच्या घरात असल्या गोष्टी लपवतात हे त्यांना माहीत होतं.

हाराची बातमी दिंद्रुडला पोचायला वेळ लागला नाही. तिथे नणंद कौशल्याबाई नांदत होत्या. त्या जीप करून आल्या आणि चप्पल काढता काढताच आईला म्हणाल्या, "तुजा गोठ मोडून ह्यांनी हार केला, अन् मला कळू बी दिलं न्हाई."

बायनाबाईंनी उठून पेटी उघडली. सोन्याचा गोठ जागेवर होता. पण कौशल्याबाई तेवढ्याने थांबणाऱ्या नव्हत्या. गोठ मोडला नाही तर हार आला कुठून, ऑपरेशनचं नाव करून सोनं घ्यायला निघालेत की काय, मला का सांगितलं नाही, असं त्यांचं सुरू झालं. विजयसिंहांना बोलावणं गेलं. ते आले आणि त्यांनीही बायकोकडे संशयाने पाहिलं. "तू घेतला का? घेतला आसंल तर सांग, मी काय म्हणणार न्हाई."

सत्यशीलाने फोन उचलला, पप्पूला लावला आणि नवऱ्याची सवय उचलून तो स्पीकरवर ठेवला.

"पप्पू, त्या फोटूतला हार कुणाचा हाय?"

"माफ करा ताई," पप्पू पलीकडून म्हणाला. "तुमचा उभा फोटू एक बी घावला न्हाई. जिथं बघावं तिथं तुमी कुणाच्या तरी मागं. मग काय करता? तोंड तुमचं घेतलं, अन् गळ्याखालचं समदं रेडिमेड हाय. हात जोडलेल्या बाईचं अंग आमच्याकडं तयारच आसतंय. समद्या ताईंना तेच लावतो."

कौशल्याबाईंचा चेहरा आधी पडला, मग खुलला. हार नव्हता, म्हणजे प्रश्नच मिटला. चहा टाका म्हणत त्या आत निघून गेल्या.

विजयसिंह जमिनीकडे बघत होते.

"जगाला न्हाई कळलं, ते ठीक हाय," सत्यशीला म्हणाली. "तुमाला बी न्हाई कळलं?"

विजयसिंहांनी आयुष्यात भाषणं पुष्कळ ठोकली होती, पण या प्रश्नाला लागू पडेल असं त्यातलं एकही नव्हतं. शेवटी ते खरं बोलले. "मी माझाच फोटू बघत होतो."

तिला रडू येईल असं वाटलं होतं, आलं हसू. ते हसू मध्येच तुटलं, म्हणून ती उठून अंगणात गेली. तुळशीपाशी तांब्या होताच.

बायनाबाई मागोमाग आल्या. सुनेच्या हातातला तांब्या त्यांनी काढून घेतला आणि तिला ओट्यावर बसवलं.

"खडे न्हाईत ना तुला?"

सत्यशीलाने मान हलवली. मग सगळं सांगून टाकलं. मोहिनी, बबिताचं जाड कापड, आरसा, तारीख, काही ठेवलं नाही. सांगताना तिची नजर वर झाली नाही. बायनाबाईंनी मध्ये एकदाही टोकलं नाही.

"आत्ता दुखतंय का काय?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"मग दुखत न्हाई ते कावून कापायचं?"

"आत्याबाई, दुखत न्हाई, पर आरशात बघितलं की आपलं कायतरी सांडून गेल्यावानी वाटतंय."

बायनाबाईंचीही सहा बाळंतपणं झाली होती, आणि सांडून काय काय गेलं ते त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं.

"तुजं अंग हाय, तुला वाटलं तर कर," त्या म्हणाल्या. "मी खडेच सांगीन समद्यांना. पर त्या बोर्डावरल्या बाईएवढं करू नको. वज्यानं पाठ दुखत आसंल तिची."

ठरल्या दिवशी सत्यशीला गेली. तिला निरोप द्यायला चौकात कार्यकर्ते जमले होते, नारळ फुटला, आणि गाडी त्या फ्लेक्सखालूनच निघाली.

डॉक्टरीणबाई भल्या होत्या. त्यांनी घाई केली नाही. तुम्हाला कसं दिसायचं आहे, एखादा फोटो असेल तर दाखवा, म्हणाल्या. सत्यशीलाच्या फोनमध्ये फोटो एकच होता, चौकातला. तो तिने काढला आणि बघत राहिली. हवं होतं ते सगळं त्या बाईकडे होतं. इतके दिवस ती चौकात उभी होती आणि येणारेजाणारे तिचा हार मोजून पुढे गेले होते. ज्याने बघावं असं वाटत होतं, तो स्वतःचा फोटो बघत होता. मग हे करायचं तर आपल्यासाठीच करायचं, दुसऱ्या कुणाच्या नजरेसाठी नाही, एवढं तिला स्पष्ट दिसलं. आणि आपल्याला काय हवंय, ते बाहेर येणाऱ्याजाणाऱ्यांची रीघ नसताना एकदा शांतपणे विचारून बघायला हवं.

"मला अजून थोडं थांबायचंय," ती म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी हसून मान डोलावली आणि केव्हाही या म्हणाल्या.

बाहेर आल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपल्याला सगळ्या गावाच्या शुभेच्छांसह विश्रांती मिळालेली आहे. ती तिने वाया घालवली नाही. लेकीच्या खोलीवर उन्हं वर येईपर्यंत झोपली, बाजार पालथा घातला, रस्त्यावर उभं राहून भेळ खाल्ली. निघायच्या आदल्या दिवशी पप्पूचा फोन आला. शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याचा फ्लेक्स तयार होता, फक्त या खेपेला फोटो हवा होता. सत्यशीलाने संस्कृतीला फोन धरायला लावला, आतून जाड कापड न लावलेलं साधं ब्लाऊज घातलं, कुणाच्याही मागे न जाता हात जोडून ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "पायापर्यंत घे."

गावात शिरायच्या आधीच विजयसिंहांचा फोन आला. ते फ्लेक्सखाली उभे होते, आणि आश्चर्य म्हणजे आवाज स्पीकरचा नव्हता.

"आज आधी तुजाच फोटू बघितला," ते हळू आवाजात म्हणाले. "हा तुजाच हाय."

घरी पोचून ती पलंगावर टेकते न टेकते तोच कडूबाई डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन दारात हजर. तिने सत्यशीलाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले.

"काय गं माय, ह्या खड्यांनी पार खाल्लं तुला. पैल्या बोर्डावर कशी भरलेली व्हतीस, अन् आता बघवत न्हाई. समदा गाव हळहळायलाय."

सत्यशीलाने सासूकडे पाहिलं. बायनाबाई वाती वळत होत्या आणि त्यांनी मान वर केली नाही.

"लई काढलं डाक्टरनं," त्या गंभीरपणे म्हणाल्या.

कडूबाईने डबा उघडला, एक लाडू सत्यशीलाच्या हातावर ठेवला, लगेच दुसरा ठेवला, आणि आपण बसलेलो असेपर्यंत दोन्ही खाल्लेच पाहिजेत असं बजावून समोर मांडी घातली. सत्यशीलाने पहिला लाडू तोंडात घातला. तुपात चांगला मुरला होता.